काळा मणी

लेस्टर. सेंट सेव्हियर्स रोडच्या मागची गल्ली,
तिसरा मजला, लिफ्ट बंद.
मशीन अकरा, माणसं नऊ,
आणि एक केटल, जिच्यावरून भांडणं होतात.

माझं काम काय, असं कुणी विचारलं तर सांगते,
फोन करणं.
झिप कुठली, अस्तर कुठलं,
बटणाला भोकं दोन की चार,
तीनशे मीटरच्या खाली कोण देईल,
आणि उधारीवर कोण देईल.
हे शेवटचं फार हळू विचारायचं असतं,
हवामानाचं बोलून झाल्यावर.

साठ कोट शिवायचे होते.
ब्रायटनच्या एका मुलीचं नवंकोरं लेबल,
त्यावर तिने आधीच छापून घेतलेलं
‘शंभर टक्के लोकर’.
रंग हवा होता ओल्या पाटीचा,
पुसून नुकत्याच वाळत घातलेल्या.

तो मिळाला बॅटलीच्या टेरेन्स ऑल्डरॉइडकडे.
बारा वर्षं घेते त्याच्याकडून.
आमचं युनिट बुडायला आलं होतं तेव्हा
‘पैशाचं नंतर बघू’ म्हणाला होता,
आणि खरंच, नंतरच बघितलं त्याने.

कापड आलं, तीन ताके.
डोइना कात्री घेऊन उभी.
मी हात फिरवला, मूठभर चुरगळलं, सोडलं.
जरा जास्तच समजूतदार वाटलं.
लोकर थोडी तरी कुरकुरते.

हरिवदनकाकांची चाळीस वर्षं गेली कटिंगच्या टेबलावर.
ते म्हणायचे,
कापडवाल्याचं ऐकून घ्यायचं,
पण विचारायचं कापडाला.
एक धागा ओढायचा, काडी लावायची.
केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली,
तर लोकर.
नाहीतर
नाहीतरच्या पुढे ते काही बोलायचे नाहीत,
चष्मा पुसायचे.

जिन्यात गेले, फायर अलार्मला चुकवून.
सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे लोक,
मी बॅटली गाठलं.
आधी केसांचा वास आला, जीव भांड्यात पडला.
मग त्याच्यामागून दुसरा,
उन्हात विसरलेल्या प्लास्टिकच्या बादलीचा.
राख चुरली.
राखेत राहिला राईहून बारीक
काळा मणी.
चिमटीत दाबला, फुटेना.

असे मणी माझ्याही गळ्यात होते काही वर्षं.
तेही फुटले नव्हते,
नुसते ओघळले.

फोन लावला. आधी हवामान.
मग म्हटलं, टेरेन्स, एक धागा जाळून पाहिला.
पलीकडे रेडिओ चालू होता, तो बंद झाला.
‘मी नाही जाळला,’ तो म्हणाला.
‘ज्याच्याकडून घेतला
त्याला सव्वीस वर्षं ओळखतो.’
मग बराच वेळ
आम्ही दोघं त्या तिसऱ्या माणसाकडे बघत राहिलो,
ज्याला मी कधी पाहिलेलं नाही,
आणि त्याच्यामागच्या चौथ्याकडे.

खरं सांगायचं तर
बारा वर्षांत टेरेन्सचा एकही धागा
मी जाळला नव्हता.

ब्रायटनला कळवलं. मुलगी रडली नाही.
‘लेबलं छापून झालीत,’ एवढंच म्हणाली, दोनदा.
कापड परत पाठवलं असतं तर हिवाळा गेला असता.
मग नवी लेबलं:
सत्तर टक्के लोकर, तीस टक्के पॉलिस्टर.
प्रयोगशाळेचं बिल ऑल्डरॉइडने भरलं, न मागता.
साठातले एकेचाळीस कोट विकले गेले.
उरलेल्यांपैकी एक डोइना घालते.
उबदार आहे म्हणते.

आता त्याचा नमुना टपालाने येतो तेव्हा
कापडाच्या तुकड्याला टाचलेली असते
एक कागदी पुडी,
अंगाऱ्याची असावी तशी.
आत चिमूटभर राख.
मी ती बोटात चुरून बघते.
मग काडेपेटी घेऊन जिन्यात जाते,
आणि माझा एक धागा ओढते.

त्याला हे माहीत असावं.
फोनवर आम्ही अजून
हवामानापासूनच सुरुवात करतो.